सोफ्याचा क्लच

भोंगा रडायला लागला की त्यावर घड्याळ लावून घ्यावं. संध्याकाळचे सव्वासहा. त्याआधी हे सहा आठवड्यांचं बाळ इतकं गुणी असे, की पाहायला येणाऱ्यांना त्याचं टोपणनाव पटतच नसे. सव्वासहाला त्याचे गुडघे पोटाशी जात, मुठी आवळत, चेहरा टोमॅटोसारखा होई, आणि सुरू झालेला भोंगा थेट नऊला बंद होई.

बाळांच्या डॉक्टरीणबाईंनी त्याला तपासलं, वजन केलं, पोट चाचपलं. "बाळ ठणठणीत आहे," त्या म्हणाल्या. "पोटशूळ म्हणतात याला. तीन-चार महिन्यांचा झाला की आपोआप थांबेल."

"आणि तोपर्यंत?" भोंग्याच्या बापाने विचारलं.

"तोपर्यंत तुम्ही ठणठणीत राहा."

भोंग्याचा बाप गाडी शिकवायच्या शाळेत मास्तर होता. चौदा वर्षांच्या नोकरीत सगळे त्याला मास्तरच म्हणत, चिडली की बायकोसुद्धा. आवाज मुळातच मोठा. जेवताना त्याने मीठ मागितलं तर शेजारच्या घरातून मीठ यावं, असा.

बायको पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेत कामाला होती. सध्या रजेवर. पण रजेवर माणूस जातो, सवय जात नाही. तिने फ्रिजवर एक तक्ता चिकटवला आणि नियम घातला: एका दिवशी एकच उपाय, आणि वेळ सेकंदासकट लिहायची.

भोंग्याला हातावर पालथं घेऊन, फांदीवर पसरलेल्या बिबट्यासारखं झुलवणं: अकरा मिनिटं शांतता. पाय सायकलसारखे फिरवणं: चार मिनिटं आणि भरपूर वारा. दुपट्यात घट्ट गुंडाळणं: नऊ मिनिटं. व्हॅक्यूम क्लीनरचा आवाज: सात मिनिटं, नंतर व्हॅक्यूम क्लीनर ऐकू येईना. कोमट पाण्यात तो बराच वेळ गप्प राहिला, पण मूल काही चण्यांसारखं भिजत घालता येत नाही. मास्तरच्या गाण्यापुढे बायकोने लिहिलं: उणे पाच मिनिटं. कारण त्या दिवशी भोंगा सहा वाजून दहा मिनिटांनीच सुरू झाला होता.

एका सोमवारी, नऊ वाजून गेल्यावर, तिने पेन खाली ठेवलं.

"मी आता उभ्याउभ्या झोपायला लागलेय," ती म्हणाली. "शनिवारपर्यंत काही सापडलं नाही तर रविवारी भोंग्याला घेऊन आईकडे जाते. तिथे हातोहात घ्यायला चार माणसं आहेत. तीन महिन्यांनी येते."

"तीन महिने?" मास्तर ओरडला. पाळण्यात भोंगा दचकला.

"हे बघ. हेच ते."

मास्तर पाळण्याला झोके देऊ लागला. तीन महिन्यांत पोरगं पहिल्यांदा हसणार, बाप ओळखायला शिकणार, कुशीवर वळणार. आणि आपण ते फोनवर बघणार. त्या रात्री त्याने मीठसुद्धा मागितलं नाही.

मंगळवारी संध्याकाळी तो शाळेच्या गाडीत दातवाल्यांच्या शेजारी जीव मुठीत धरून बसला होता. दातवाले म्हणजे दातांचे डॉक्टर, मास्तरचे सर्वांत जुने विद्यार्थी. सहा वेळा नापास. माणूस हुशार, हात सोन्यासारखा, पण आयुष्यभर छोट्या आरशात बघून लोकांच्या दाढा कोरल्यामुळे आरशात काही दिसलं की त्यांचा हात आपोआप उलट्या दिशेला जाई. तोंडात हे बरोबर. रस्त्यावर नाही. मागून सायकलवाला आरशात दिसला, की दातवाले त्याच्याकडेच वळत.

मास्तरची एक गंमत त्याला स्वतःलाही ठाऊक नव्हती. घरी गडगडणारा हा माणूस गाडीत जितका घाबरे, तितका त्याचा आवाज खाली जाई. ओरडलं तर शिकाऊ माणूस दचकतो आणि दचकून ॲक्सिलरेटर दाबतो, हे चौदा वर्षांत त्याच्या हाडांत मुरलं होतं.

तेवढ्यात फोन वाजला. मास्तरने कसाबसा स्पीकर चालू केला. "ऐक तुझ्या लेकाला!" असं म्हणून बायकोने फोन भोंग्याजवळ धरला, आणि गाडीभर रडणं पसरलं. त्याच क्षणी दातवाल्यांना आरशात दुधाचा टेम्पो दिसला.

"हळूऽ... डॉक्टर... हळूऽ..." मास्तर पुटपुटला. फोन बंद करायला हात मोकळा नव्हता, दोन्ही स्टिअरिंगवर होते. "क्लच... दाबून ठेवा... असंऽ... आता सोडा... सावकाशऽ... पीस उचलल्यासारखा..."

टेम्पो निघून गेला. मास्तरने घाम पुसला. फोनमधून काहीच येत नव्हतं.

"काय झालं?" त्याने घाबरून विचारलं.

"बोलत राहा," बायको कुजबुजली. "बंद पडलाय. भोंगा बंद पडलाय!"

बुधवारी तिने शोधाची उलटतपासणी केली. आवाज मोजायचं ॲप मास्तरच्या फोनवर घेतलं. घरी मास्तर: शहात्तर डेसिबल. चांगल्या विद्यार्थ्याबरोबर: बासष्ट. दातवाल्यांबरोबर: चव्वेचाळीस. घरी मास्तरने तेच शब्द हळू म्हणून पाहिले, तर भोंग्याने त्याच्याकडे नाटकी माणसाकडे बघावं तसं बघितलं आणि रडणं सुरूच ठेवलं. धड्याचं रेकॉर्डिंग लावलं. पहिल्यांदा चाललं, दुसऱ्यांदा नाही. भोंग्याला शिळं चालत नव्हतं.

"निष्कर्ष सरळ आहे," ती म्हणाली. "भीती खरी हवी आणि ताजी हवी. दातवाल्यांना घरी बोलव."

दातवाल्यांची सातवी परीक्षा शनिवारी सकाळी होती. जादा शिकवणी मिळतेय म्हटल्यावर ते दवाखाना बंद करून धावतच आले. त्यांना सोफ्यावर बसवलं, हातात मोठ्या पातेल्याचं झाकण दिलं, पायाशी तीन चपला मांडल्या: क्लच, ब्रेक, ॲक्सिलरेटर. मास्तर भोंग्याला हातावर पालथं घेऊन शेजारी बसला.

दातवाल्यांनी सोफा अतिशय सफाईदार चालवला. मास्तरचा आवाज सत्तरला गेला. भोंगा ठणाणा करू लागला.

"आरसा नाहीये!" बायको म्हणाली आणि धावत जाऊन हातआरसा घेऊन आली. तो दिव्याच्या दांड्याला बांधला. आरशात मागची काचेची कपाटं दिसू लागली, आणि त्याबरोबर दातवाल्यांनी झाकण गर्रकन कपाटांकडे फिरवलं. सोफा तसूभरही हलला नाही. पण मास्तरच्या पायाने सतरंजीवर करकचून ब्रेक दाबला आणि तोंडून निघालं, "सावकाशऽ... डॉक्टर... मागे काच आहेऽ..."

भोंग्याने जांभई दिली.

त्या संध्याकाळी तक्त्यावर एक तास बावन्न मिनिटं लागली. गुरुवारी एक तास दहा. शुक्रवारी चाळीस मिनिटं. आकडा का घसरतोय हे बायकोच्या आधी मास्तरला कळलं. दातवाले सुधारत होते. आरशात बघून ते आता क्षणभर थांबायचे, "हे तोंड नाही, हा रस्ता आहे," असं पुटपुटायचे आणि बरोबर वळायचे. जसजसा त्यांचा हात सुधारे, तसतसा मास्तरचा जीव भांड्यात पडे आणि आवाज वर चढे.

"मास्तर," शुक्रवारी निघताना दातवाल्यांनी विचारलं, "खरं सांगा. आरशाचं जमायला लागलंय ना? की अजून उलटंच फिरवू? म्हणजे, पूर्वी मला तेच बरोबर वाटायचं."

मास्तरने भोंग्याकडे पाहिलं. एक खोटा शब्द टाकला की हा माणूस जन्मभर सोफ्यावर येत राहील.

"जमतंय, डॉक्टर. असंच चालवा."

शनिवारी दातवाले पास झाले. संध्याकाळी सव्वासहाला ते पासाचा कागद नाचवत आले आणि आनंदाच्या भरात सोफ्यावर बसून त्यांनी सबंध परीक्षा पुन्हा चालवून दाखवली. एक चूक नाही.

"शाब्बास!" मास्तरचा ऊर भरून आला. एक्क्याऐंशी डेसिबल. भोंग्याने घर डोक्यावर घेतलं.

दातवाल्यांचा चेहरा उतरला. "अहो, मी नापास व्हायला हवं होतं का?"

"छे हो!" मास्तर गरजला. भोंगा आणखी वर चढला. "घरी जा, डॉक्टर. आणि गाडीनेच जा."

दातवाले गेले. दाराशी बायकोची बॅग भरलेली होती. वर भोंग्याची दुपटी, सगळ्यांत वर फ्रिजवरचा तक्ता घडी करून. बायकोने बॅगेकडे पाहिलं, रडणाऱ्या मुलाकडे पाहिलं, मग सरळ सोफ्यावर जाऊन बसली आणि झाकण उचललं.

"शिकव."

"तुला?"

"एक विद्यार्थी संपला, दुसरा घ्यायचा. इतक्या दिवसांत हा एकच बदल करायचा राहिलाय. क्लच कुठली चप्पल?"

"डावी," मास्तर भोंग्याला हातावर घेत म्हणाला. "आधी आरसा बघायचा, मग—"

"निघाले." तिने पहिला गिअर टाकला, दुसरा गाळला आणि तिसरा टाकला. झाकण जोरात फिरू लागलं.

"अगं, कुठे निघालीस?"

"आईकडे."

मास्तरच्या तोंडचं पाणी पळालं. कुठून तरी खोलवरून आवाज आला. "हळूऽ... पुढे सिग्नल आहे..."

"हिरवा आहे."

"लाल आहे गं..."

"मला हिरवा दिसतोय."

"बरं... हिरवा... पण सावकाशऽ..."

भोंग्याचं रडणं मध्येच अडखळलं. एक हुंदका, मग अर्धा. त्याची मूठ उघडली आणि बापाच्या मनगटावर पाच बोटं पसरली.

"पुढे कुठे वळू?" तिनेही आवाज उतरवला.

"थोडं पुढे... एक फाटा आहे... तिथून परत फिरता येतं..."

"फाटा चुकला तर?"

"तर त्याच्या पुढचा..."

"तोही चुकला तर?"

मास्तरचा पाय सतरंजीत रुतला होता. "चुकू दे," तो पुटपुटला. "रोज सव्वासहाला क्लास आहे... तू कितीही चुकलीस... तरी चालेल..."

सोफ्याच्या हातावर ठेवलेल्या फोनवर आकडा एकोणचाळीस दाखवत होता. भोंग्याचा गाल बापाच्या कोपरापाशी चेपला गेला होता आणि तो तोंड उघडं टाकून घोरत होता. बायकोने ते पाहिलं आणि चपलांवरचे दोन्ही पाय एकदम उचलले.

"गाडी थांबवलीय," ती कुजबुजली. "उठशील तेव्हा ती बॅग आत नेऊन ठेव. रस्त्यात येतेय."