ओटा क्रमांक सतरा, सिंकसह

मी मच्छी मार्केटातला ओटा क्रमांक सतरा बोलतोय. मग अंगाला मासळीचा वास कसा नाही, असं तुम्ही विचाराल. खरं आहे. तीन वर्षांत माझ्यावर एक बोंबीलसुद्धा पडलेला नाही.

माझा जन्म कागदावर झाला. नकाशा काढणाऱ्या साहेबांचं आयुष्य फ्लॅटची स्वयंपाकघरं आखण्यात गेलेलं. त्यांना वरून निरोप आला, मार्केटासाठी चाळीस ओटे काढा. त्यांनी काढले, आपल्या घरी असतो तसे. काळा ग्रॅनाइट, कमरेएवढी उंची, जेमतेम दोन फूट रुंदी, मधोमध स्टीलचं सिंक आणि पाठ भिंतीला चिकटलेली. म्हणजे कोळणीनं गिऱ्हाइकाकडे पाठ करून भिंतीलाच पापलेट विकायचं. मला तेव्हा यातलं काही कळलं नाही. उद्घाटनाच्या पाहुण्यांनी माझ्यावरून हात फिरवला आणि मी फुगून बसलो.

दुसऱ्या दिवशी बायजाबाई आली. सत्तरीची, इथल्याच गावठाणातली. मार्केट उभं आहे तिथं तिच्या सासऱ्यांचं भातशेत होतं, ते शेत गेलं, त्या बदल्यात त्यांच्या घराला मिळालेला मी एवढाच. मोरा बंदरातून आलेली मासळी, बसायचा पाट आणि पायाखाली धरून मासे कापायची कोयती घेऊन ती माझ्यावर बसायला गेली. चढता येईना. सुनेनं, निशिगंधानं, कशीबशी वर चढवली, तर टोपलीला जागा उरेना. शेवटी ती माझ्यासमोर जमिनीवर बसली आणि माझ्यावर चपला, डबा अन् सुनेची पर्स ठेवली. ग्रॅनाइटचं चपलांचं कपाट म्हणून माझं बरं नाव झालं.

गेल्या महिन्यात नोटीस लागली. ओटा सोडून वाटेत बसणाऱ्यांचे नंबर रद्द होणार, बुधवारी पाहणी. बायजाबाईनं ती सुनेकडून दोनदा वाचून घेतली. नंबर गेला तर रस्त्यावर बसायचं, आणि रस्त्यावरची टोपली उचलायला गाडी येते. त्या दिवशी ती एकाही गिऱ्हाइकाशी भांडली नाही. मला पहिल्यांदा स्वतःची लाज वाटली.

बुधवारी अक्षता मॅडम आल्या. नोकरीला नव्या, हातात नोटपॅड. एवढा छान ओटा असून मावशी खाली का बसता, असं त्यांनी विचारलं. बायजाबाईनं कोयतीवरचा पाय काढला नाही.

"तू बसून दाखव, बाय. टोपली घेऊन बसलीस, त मी माजा नंबर सोरते."

मॅडम खरंच चढल्या. मांडीवर टोपली घेतली, जरा मागे सरकल्या आणि अलगद सिंकमध्ये बसल्या. ओढणी नळात अडकली. सगळ्या बायका हसल्या, मग मॅडमही हसल्या. निशिगंधानं त्यांना ओढून काढलं. बायजाबाईच्या त्या पहिल्या दिवसानंतर तीन वर्षांत माझ्यावर बसायला चढलेलं ते पहिलं माणूस, आणि त्याची मी अशी सोय केली.

खाली उतरल्यावर त्यांनी ऑफिसातून जुना नकाशा फोनवर मागवला, बराच वेळ बघितला आणि तिथंच उभ्या उभ्या लिहिलं की ओटा बसण्यायोग्य नाही, दोष विक्रेत्यांचा नाही. काल पत्र आलं. सतरा नंबर बायजाबाईचाच राहणार. मला मात्र तोडणार.

खरं सांगतो, वाईट वाटलं नाही. पत्र ऐकून बायजाबाई उठली, माझ्यावरच्या चपला काढून तिनं ओल्या फडक्यानं मला पुसलं.

"तुजा काय दोष रं," ती म्हणाली. "तुला कोनी इचारला नाय. मना पन नाय इचारला."

सोमवारी माणसं घण घेऊन येतील. मला जपून वगैरे फोडू नका, मी काही तेवढा कामाचा नाही. एवढंच करा. नवा ओटा आखायच्या आधी बायजाबाईला पाट, टोपली, कोयती घेऊन ऐसपैस बसू द्या, आणि तिच्याभोवती खडूनं रेघ मारून घ्या.