भिंतीपलीकडून ऐकलेला कॅरम

आमच्या गावातला कॅरम क्लब म्हणजे एक लांबट खोली आणि तिला चिकटून आमची बैठी घरं. मधली भिंत इतकी पातळ, की पलीकडे कुणी शिंकलं की मशीनवर शिवता शिवता आई म्हणायची, "पोस्टमनकाका आले." माहेरी ती कॅरममध्ये भावांना रडवायची. सासरी आल्यापासून नुसतं ऐकणं. गेल्या वर्षी तिने सरळ सभासदत्वाचा अर्ज केला. अर्ज करणारी बाई ती पहिलीच.

तिथली रीत अशी: प्रत्येकाने डब्यात एक सोंगटी टाकायची. पांढरी म्हणजे हो, काळी म्हणजे नाही. एक जरी काळी निघाली तरी अर्ज कायमचा बाद. मात्र काळी टाकणाऱ्याने अर्जदाराशी एक डाव खेळायचा. तो हरला किंवा समोर आलाच नाही, तर काळी रद्द.

अध्यक्ष आमचे आबाच, म्हणजे आईचे सासरे. मी दारात उभी. त्यांनी डबा उपडा केला. पांढऱ्याच पांढऱ्या, आणि मध्ये एक काळी.

"कुणाची रे?" न्हावीकाकांनी विचारलं. सगळे छताकडे बघायला लागले, जणू पालीने टाकली होती.

मला राहवेना. "ज्याची असेल त्याने समोर बसावं."

"तू लहान आहेस," पोस्टमनकाका म्हणाले.

"आवाज मोठा आहे ना, काका."

तेवढ्यात आबांनी खुर्ची ओढली आणि ते आईसमोर बसले. आमचेच आबा?

फक्त सोंगट्यांची टकटक. आबा एक घ्यायचे, आई एक घ्यायची. राणी आईकडे गेली तेव्हा आबांच्या कपाळावर घाम होता. शेवटी दोघांची एकेकच उरली. आईची सोंगटी तिच्याच बाजूच्या लाकडाला चिकटलेली, आणि हुकली की पुढच्या फटक्यात आबांची सरळ आत.

"आबा, पण का?" मी विचारलंच.

ते बोर्डाकडेच बघत राहिले. "घरी सांगतो ना रोज, आज पण जिंकलो म्हणून. ही इथे बसायला लागली की..."

"आबा," आई हळूच म्हणाली, "हरलात की तुमची खुर्ची करकरत मागे सरकते. लग्न झाल्यापासून ऐकतेय."

न्हावीकाका खोकल्यात हसू लपवत होते. आबांचे कान लाल.

आईने स्ट्रायकरला पावडर लावली. समोरच्या कडेवर आपटून तो परत आला, सोंगटीला निसटता लागला. ती लाकडाला घासत घासत कोपऱ्याशी पोचली, भोकाच्या तोंडावर थबकली. मग पडली.

न्हावीकाकांनी वाकून भोकात पाहिलं.

आणि आबांची खुर्ची करकरत मागे सरकली.

भिंतीपलीकडून आजीचा आवाज आला, "झाली वाटतं सूनबाई सभासद. चहा टाकते."