कढीने केलेली तपासणी

मोहाडीजवळच्या एका गावात मी ठेकेदार म्हणून समाजमंदिर बांधलं. इंजिनिअरने फरशी पास केली, तरी सरपंच तृप्तीताई काम पूर्ण झाल्याची सही देईनात. म्हणे, "आधी गावाले जेवू घाला, मग पाहू."

डोकं सणकलं माझं, पण घातली त्याच नव्या फरशीवर पंगत. माणसं वाढली तशी मीच आचाऱ्यावर ओरडलो, "कढीत पाणी ओत!"

मीही भिंतीकडेला पंगतीत बसलो. वाढायला सुरुवात झाली आणि रांगेतल्या सगळ्यांची कढी पत्रावळीवरून निसटली. फरशीवरून वाहत ती थेट माझ्या मांडीखाली आली.

"उतार दाराकडं पाह्यजे होता, तुमच्याकडं कायले आला, कमलेशभाऊ?" ताई हसल्या. "फरशी नवी बसवा, मग सही करीन."

आचारी कानाशी येऊन पुटपुटला, "भाऊ, कढी घट्टच ठेवू म्हटलं होतं न मी!"