भिंतीवरचा खिळा

काठीचं टोक खिळ्याच्या डोक्यावरच्या बारीक खाचेत बसवून तिनं श्वास रोखला आणि काठीच्या काचेतला बुडबुडा अलगद मधोमध आणला. काठीच्या माथ्यावरचा रिसीव्हर उपग्रहांचं ऐकत होता. खाली, भिंतीच्या पायथ्याशी, शिंपीणकाकूंचं मशीन खडखडत होतं.

"हलू नका हं कुणी," ती म्हणाली.

हलायला तिथं होतं कोण? भिंतीच्या रुंद माथ्यावर, तिच्यापासून हातभर अंतरावर, चहाचा पेला घेऊन तिचे बाबा उभे होते.

"मीही हलत नाही आणि माझी भिंतही हलत नाही," बाबा म्हणाले. "तुम्ही तुमचं यंत्र सांभाळा, साहेब."

मुलगी मोठ्या कंपनीत मोजणीच्या तुकडीची प्रमुख झाल्यापासून ते तिला साहेब म्हणत. थट्टेनंच म्हणत, पण गल्लीतलं कुणी ऐकत असलं की जरा मोठ्यांदा म्हणत.

बाबा गवंडी. आता कामावर जात नव्हते, तरी सगळी वस्ती त्यांना मिस्त्री म्हणूनच ओळखत होती. टेकडीची माती खालच्या घरांवर येऊ नये म्हणून बांधलेली ही दगडी भिंत त्यांच्या हातची. लोक पत्ता सांगताना 'मिस्त्रींच्या भिंतीपाशी' असं सांगत, आणि ते कानावर पडलं की बाबांची छाती वीतभर पुढे येई. येता-जाता ते भिंतीला थाप मारत. घरच्या माणसांच्या वाट्याला अशी थाप क्वचितच आली होती.

आणखी एक खोड होती त्यांची. दुसऱ्यानं रचलेली वीट ओळंबा लावून बघितल्याशिवाय त्यांनी जन्मात कधी मान्य केली नाही. हाताखालच्या माणसानं कितीही शपथा घेतल्या तरी खिशातून दोरी निघायचीच. ऑपरेशन झाल्यावर शुद्धीवर येताना त्यांचं पहिलं वाक्य होतं, "या दवाखान्याची चौकट तिरकी आहे." कामावरून उतरले, तरी ओळंबा काही खिशातून उतरला नव्हता.

रिसीव्हरनं बारीक शीळ घातली. मोजणी झाली होती. तिनं खिळ्यावर काळ्या-पांढऱ्या चौकटींची पाटी पसरली, पाटीचा मध्य खिळ्याशी जुळवला आणि कोपऱ्यांवर दगड ठेवले.

"आता हे वरून दिसणार?" बाबांनी विचारलं.

"दिसणार. ड्रोन शेकडो फोटो काढतो, पण ते नुसते हवेत तरंगत असतात. अशा पाट्यांनी ते जमिनीला टाचायचे. काकू कापड टाचतात ना, तसे."

"आणि टाचणीच चुकीच्या जागी लागली तर?"

"तर सगळा नकाशा चुकला. म्हणून तर मला पगार देतात."

बाबा खूश होऊन हसले. पेला तिच्या हातात देऊन, जाता जाता भिंतीला थाप मारून ते खाली उतरले.

टेकडी सरकते आहे का, एवढंच या कामात बघायचं होतं. मागच्या वेळीही मोजणी तिनंच केली होती, फक्त तेव्हा ती तुकडीतली सगळ्यात धाकटी होती. तेव्हा ठोकलेल्या खिळ्यांवरच आज पुन्हा पाट्या पडत होत्या. सरकणाऱ्या टेकडीवर पक्का बिंदू घ्यायचा नसतो हे तिला तेव्हाही कळत होतं. पण हा एक खिळा तिनं हट्टानं भिंतीवर ठोकला होता. बाकी सगळं जाईल पण बाबांची भिंत जागची हलणार नाही, असं ती तेव्हा सगळ्यांसमोर म्हणाली होती. ऑफिसातल्या साहेबांनीही हसून मान डोलावली होती.

चहाचा घोट घेत तिनं पडद्यावर जुना आकडा आणि नवा आकडा शेजारी शेजारी आणले, आणि चहा तोंडातच राहिला.

शाळेच्या अंगणातला खिळा जागच्या जागी होता. पाण्याच्या टाकीजवळचा खडकावरचा खिळाही तसाच. बाकीच्यांत नखाएवढाही फरक नव्हता. भिंतीवरचा खिळा मात्र चार बोटं गल्लीच्या बाजूला आला होता आणि बोटभर खाली बसला होता.

"उंची चुकली असेल, ताई," पायलट म्हणाला. ड्रोन उडवणाऱ्या त्या तरुणाला सगळे पायलटच म्हणत. "काठी लांब केली आणि यंत्रात जुनीच उंची राहिली, असं होतं की."

तसं होतं खरं. या धंद्यातल्या निम्म्या चुका त्या एका आकड्यात असतात. तिनं काठी बघितली, यंत्र बघितलं. दोन्ही बरोबर होती.

"आणि उंची चुकली तर फरक वर-खाली पडेल. बाजूला कसा सरकेल? काठीला काय पाय फुटले?"

"मग काकूंच्या छपराच्या पत्र्यामुळे. उपग्रहाचा सिग्नल पत्र्यावर आदळून येत असेल." पायलटनं आकाशाकडे बघितलं. "मी उडवतो बाई. वारा सुटला की माझं विमान बसलंच."

ड्रोन भिणभिणत टेकडीवर गेला. गल्लीतली माणसं माना वर करून बघत राहिली. ती मात्र मान खाली घालून बसली होती. चूक माझीच असू दे, असं तिला मनापासून वाटत होतं. उभ्या आयुष्यात आपल्या कामाबद्दल असं तिला कधी वाटलं नव्हतं.

दुपारी, उपग्रह आकाशात दुसरीकडे सरकल्यावर, तिनं रिसीव्हर बदलला, काठी बदलली, आणि बुडबुड्यावर नजर रोखून पुन्हा खिळ्यावर उभी राहिली. आकडा तोच. उन्हं कलताना तिसऱ्यांदा मोजलं. तोच. आता यंत्राकडे बोट दाखवायला जागा उरली नाही.

तिनं ऑफिसात फोन लावला.

"गाळून टाक तो बिंदू," साहेब म्हणाले. "बाकीचे इतके छान बसलेत. एकासाठी कशाला घोळ घालतेस?"

"सर, बिंदू बरोबर आहे. भिंत सरकली आहे."

"भिंत तुझ्या वडिलांची ना ती?"

"हो."

"मग उलट तुझ्याच सोयीचं आहे. गाळ, म्हणजे कुणाच्या तोंडी काही यायला नको. आणि हे बघ, प्रमुख म्हणून तुझं हे पहिलं काम. भिंत सरकली म्हणून बोंब मारलीस, नगरपालिकेनं घरं रिकामी केली आणि पुढं काहीच निघालं नाही, तर तुला पुन्हा कुणी काठी धरायला तरी बोलावेल का?"

खाली काकूंचं मशीन चालूच होतं. भिंत आणि मशीन यांच्यामध्ये काकूंच्या घराची मागची भिंत तेवढी होती. त्या भिंतीला टेकून काकू दिवसभर बसायच्या. शाळेत असताना तिचे गणवेश काकूंनीच शिवले होते, आणि दर वेळी मापापेक्षा जरा मोठे, कारण पोरगी वाढणार होती.

"बिंदू मी गाळणार नाही, सर," ती म्हणाली. आवाज कापेल असं तिला वाटलं होतं, पण कापला नाही. "तीन वेळा मोजलंय. गाळायचाच असेल तर अहवालावरून आधी माझं नाव गाळा. नगरपालिकेला तुम्ही आत्ता कळवता की मी कळवू?"

पलीकडे खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला.

"लेखी पाठव," अखेर साहेब म्हणाले. "मी फोन करतो त्यांना. पण माणसं यायला वेळ लागेल."

तिनं फोन खिशात टाकला आणि मागे वळली. बाबा पायरीवर उभे होते. संध्याकाळचा चहा घेऊन आले होते, पण पेला त्यांच्याच हातात राहिला होता.

"कोण सरकलं म्हणालीस?"

साहेबांशी बोलणं किती सोपं होतं!

"बाबा, भिंत. चार बोटं. काकूंच्या बाजूला."

"काहीतरीच!" बाबा एकदम कडाडले. "अगं, पाया खडकापर्यंत नेलाय मी. एकेक दगड हातानं बसवलाय. मुकादम पुरे म्हणाला तरी थांबलो नाही. आणि तुझं ते डबडं आकाशातल्या कसल्या तरी गोळ्यांना विचारून मला सांगणार?"

तिनं काठी भिंतीवर टेकवायला हात पुढे केला, आणि न टेकवताच मागे घेतला.

बाबांनी ते बघितलं. पेला त्यांनी पायरीवर ठेवला.

"किती वेळा मोजलंस?"

"तीनदा. रिसीव्हर बदलून, काठी बदलून."

"बाकीचे खिळे?"

"जागच्या जागी."

"काठी सरळ होती?"

"बाबा, काठी सरळ धरायला मला कुणी शिकवलं?"

बाबांनी खिशात हात घातला. ओळंबा बाहेर आला, दोरी उलगडली, पितळी गोळा त्यांच्या हाताखाली हलकेच फिरू लागला. भिंतीच्या कडेला वाकून त्यांनी हात पुढे नेला. आता लावतील, बघतील आणि मग काय म्हणतील, या विचारानं तिनं काठी आणखी घट्ट धरली. खोटी ठरण्याची भीती तिला नव्हती. आपण खरे ठरलो तर बाबांचं काय होईल, याचीच भीती होती.

बाबा तसेच वाकून उभे राहिले. एकदा त्यांनी तिच्याकडे बघितलं. काठी तिनं अजूनही उभीच धरली होती, आणि बुडबुडा सवयीनं मधोमध होता.

मग त्यांनी दोरी बोटांवर गुंडाळली. सावकाश, वेढा वेढ्यावर नीट बसवत. ओळंबा खिशात गेला. भिंतीवर एकदा तळवा ठेवला, थाप मात्र मारली नाही, आणि ते पायऱ्या उतरून थेट काकूंच्या दारात गेले.

"वहिनी, उठा. मशीन बंद करा."

"अगंबाई! काय झालं, मिस्त्री?"

"आज सगळ्यांनी गल्लीपलीकडे आमच्याकडे झोपायचं. कपडे, कागदपत्रं घ्या. भांडी राहू देत."

ती धावत खाली आली, तोवर बाबांनी मशीनचं एक टोक उचललं होतं. दुसरं टोक पायलटनं धरलं. जड मशीन दारातून तिरकं काढताना बाबांना धाप लागली, पण त्यांनी ते खाली ठेवलं नाही. गल्लीत माणसं जमली. वरच्या घरचा वाणी पुढे झाला.

"मिस्त्री, हे काय चाललंय?"

"भिंत सरकली आहे."

"तुमची भिंत?" वाण्याला हसूच आलं. "कोण म्हणतं?"

"माझी मुलगी म्हणते."

वाण्यानं एकदा भिंतीकडे बघितलं, एकदा बाबांच्या खिशाकडे. खिशातून दोरीचं टोक लोंबत होतं.

"पण तुम्ही ओळंबा लावून बघितलात ना?"

"कशाला?" बाबा म्हणाले. "तिनं मोजलंय."

ते त्यांनी नेहमीसारखं मोठ्यांदा म्हटलं, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं. मग मशीनचा भार दुसऱ्या हातावर घेत ते तिच्याकडे वळले.

"साहेब, बघत काय उभ्या राहिलात? ती काठी ठेवा आणि आपल्या घराचं दार धरा."

तिनं काठी बाबांच्या घराच्या ओट्याला टेकवली आणि दार धरलं. आत जाता जाता बाबांचा मोकळा हात तिच्या पाठीवर पडला. भिंतीला मारायचे तशीच थाप होती, तेवढ्याच जोराची.