चाकातल्या अक्षता

"ज्या विमानले इंजिनच नही, त्याना मिस्त्री!" झुलालला डबा बांधून देताना त्याची बायको बेबाबाई हटकून म्हणायची आणि स्वतःच खुदुखुदु हसायची. झुलालही हसायचा, पण मनाला ते थोडं लागायचंच. साक्रीकडच्या विहिरींवरची डिझेल इंजिनं त्याने वीस वर्षं नुसती कानाने ओळखली होती. कोणत्या इंजिनाला खोकला झालाय आणि कोणतं उगाच कुरकुरतंय, हे तो बांधावर उभ्या उभ्या सांगायचा. पुढे धुळ्याबाहेरच्या विमानपट्टीवर ग्लायडर क्लब निघाला आणि ग्लायडर दोराने ओढून वर सोडणाऱ्या विंच यंत्रावर आणि ग्लायडरच्या देखभालीला झुलाल मिस्त्री नोकरीला लागला. त्याला आता तीन वर्षं झाली होती.

क्लबकडे दोनच ग्लायडर होती. एक दोघांचं, शिकायचं, त्याचं चाक कायम खाली. दुसरं एकट्याचं, पांढरंशुभ्र, आणि त्याचं चाक पोटात घेता यायचं. आतला दांडा मागे ओढला की चाक आत, पुढे ढकलून खाचेत बसवला की चाक खाली. चाकाच्या वर लोखंडी पट्ट्यांचा एक गुडघा होता. तो सरळ होऊन रेषेच्या किंचित पुढे गेला की घट्ट बसायचा, मग वरून कितीही भार येवो, चाक मिटायचं नाही.

त्या वर्षी खंडेनवमीला झुलालने पाने, जॅक, विंच अशा सगळ्यांची पूजा केली. इंजिनाची पूजा करताना गुळाचा खडा आणि अक्षता तो नेहमी इंजिनाच्या पोटात ठेवायचा. बाहेरून कुंकू लावणं म्हणजे वरवरचं काम, असं त्याचं ठाम मत. मग या पांढऱ्या ग्लायडरचा जीव कुठे? बराच विचार करून त्याने ठरवलं, हलतं-मिटतं असं याच्याकडे चाकच आहे, तर जीव तिथेच. त्याने चाकाच्या खोबणीत हात घालून मनोभावे पूजा केली.

आणि तिसऱ्या दिवशी उतरताना तेच चाक मिटलं.

त्या मंगळवारी ते ग्लायडर चमेली उडवत होती. पिंपळनेरच्या वरच्या एका पाड्यावरची ही पोर धुळ्यात वसतिगृहात राहून कॉलेज करायची. एनसीसीतून क्लबात आली आणि वर्षभरात तिने मोठमोठ्यांना मागे टाकलं. एकट्याच्या ग्लायडरवरची तिची ती पहिलीच भरारी. उतरली अगदी झोकात, पण चाक जमिनीला लागलं मात्र, आणि खाडकन आत गेलं. ग्लायडर पोटावर घसरत गवतात थांबलं. चमेलीला खरचटलंसुद्धा नाही. ग्लायडरच्या पोटाचा रंग तेवढा गेला.

शिकवणारे चौबळसाहेब हवाई दलातून निवृत्त झालेले, शिस्तीचे. त्यांनी आत वाकून पाहिलं तर दांडा खाचेबाहेर.

"दांडा नीट बसवला नव्हतास," ते म्हणाले.

"बसवला होता सर. खाचेत गेलेला मी पाहिला."

"मग बाहेर कसा आला?" साहेब झुलालकडे वळले. "मिस्त्री, यंत्रात काही दोष?"

चौघांनी ग्लायडर उचलून धरलं, झुलालने वाकून चाक दोनदा वरखाली केलं आणि चटकन सांगून टाकलं, "यंत्र ठीक शे साहेब." आपल्या हातच्या यंत्रावर कुणी बोट ठेवलं की त्याच्या डोक्यात तिडीक जायची. त्या तिडिकीत तो बोलून गेला.

त्याच्या त्या चार शब्दांवर साहेबांनी अहवाल लिहिला. रविवारी समिती बसायची होती आणि चमेलीचं उड्डाण कायमचं बंद होणार, हे जवळजवळ ठरल्यातच जमा होतं. हलगर्जीपणाला क्लबात माफी नव्हती.

शुक्रवारी दुपारी चमेली सायकल मारत विमानपट्टीवर आली. झुलाल शेडमध्ये ग्लायडरच्या पोटाला रंग लावत होता. ती रडली नाही, भांडलीही नाही. समोर बसून म्हणाली, "नाना, मी दांडा बसाडा व्हता. आवाज बी उना. पण रोजना सारखा नही उना. गोधडीमा काहीतरी वाजनं, तसा उना."

आवाज दबका आला हे ऐकताच झुलालच्या हातातला ब्रश थांबला. बाकी कशाचं नाही, पण आवाजाचं कुणी बोललं की तो ऐकून घ्यायचा.

"तू जाय, चहा ली ये," तो म्हणाला. "मी ऐकस."

ग्लायडर लाकडी घोड्यांवर चढवलेलंच होतं. चाक हवेत. तिची पाठ वळताच झुलालने दांडा ढकलला. खट. परत ओढला, परत ढकलला. खट. दसऱ्याआधी हाच आवाज खणखणीत खटाक यायचा. हे त्याच्या कानाला मंगळवारीच कळायला हवं होतं. कळलंही असेल, पण रागात माणूस बहिरा होतो.

तो बॅटरी आणि हाताएवढा आरसा घेऊन पाठीवर सरकत खाली गेला. चाकाच्या वर, गुडघा जिथे टेकतो त्या खुंटीपाशी आरसा धरला. तिथे तांबडे दाणे दिसले. गूळ ऑक्टोबरच्या उन्हात वितळून खाली ओघळला होता, त्यात अक्षता रुतल्या होत्या आणि त्यांचा दगडासारखा थर बसला होता. दोन दाण्यांच्या जाडीचा. तेवढ्यामुळे गुडघा एकदा मिटून परत उघडला की रेषेच्या पुढे जातच नव्हता. दांडा खाचेत बसायचा, चाक खाली दिसायचं, आणि जमिनीचा दणका बसला की मिटायचं.

झुलालने नकळत स्क्रूड्रायव्हर उचलून थराला लावला. एक टोचा मारला की काम फत्ते. यंत्र पुन्हा ठणठणीत, मिस्त्रीचं नाव शाबूत, आणि त्या चार शब्दांना कुणी खोटं म्हणणार नाही. बाहेर चहावाल्याशी चमेली काहीतरी बोलत होती. रविवारनंतर ही पोर इथे दिसणार नाही, हे त्याला त्या क्षणी फार स्पष्ट दिसलं. पुरावा होता तो एवढाच, गुळात चिकटलेला, आणि तो त्याच्या स्क्रूड्रायव्हरच्या टोकाशी होता.

देवाचं नाव घेऊन केलेली चूक देवाच्या नावावर खपवायची नसते, हे त्याला त्याच्या बापाने शिकवलं होतं. त्याने स्क्रूड्रायव्हर खिशात घातला आणि बाहेर येऊन चमेलीला हाक मारली, "पोरी, चहा ऱ्हाऊ दे. साहेबले बलाव!"

चौबळसाहेब आले ते कपाळाला आठ्या घालूनच.

"साहेब, तुम्ही स्वतः आत बसा," झुलाल म्हणाला. "दांडा तुमच्या हाताने खाचेत घाला. मग हात काढून घ्या."

साहेब बसले. दांडा ढकलला, खाचेत बसल्याची दोनदा खात्री केली आणि हात मांडीवर ठेवले. झुलालने चाकाखाली फळी सरकवली, तिच्यावर ट्रकचा जॅक लावला आणि हळूहळू वर चढवू लागला. बैलगाडीचं चाक रिकामं फिरवून कधी कळत नाही, धान्याची पोती भरल्यावरच ते बोलतं. हे त्याला लहानपणापासून ठाऊक होतं, पण मंगळवारी आठवलं नव्हतं.

जॅकचा भार चाकावर आला. क्षणभर काही झालं नाही. मग खाडकन चाक मिटलं आणि दांडा साहेबांच्या डोळ्यांदेखत खाचेतून उसळून बाहेर आला.

चमेलीने तोंडावर ओढणी धरली. साहेब दांड्याकडे पाहत राहिले, मग हळूच उतरले.

"म्हणजे हिनं तो बसवला होता."

"हो साहेब. आणि तो मी उसळवला." झुलालने आरसा त्यांच्या हातात दिला. "बघा. गूळ मना, अक्षता मन्या, खंडेनवमीला मीच ठेवल्या. यंत्र ठीक शे बी मीच बोलनू. नोकरीवरून काढायचं तर काढा, पण पोरीचं नाव त्या कागदावरून पुसा."

साहेबांनी खाली वाकून आरसा खुंटीपाशी धरला. "तू ठीक म्हणालास," ते म्हणाले, "आणि मी न बघता सही केली. कुणाकुणाला काढायचं?" मग ते चमेलीकडे वळले. हवाई दलातला तो ताठ माणूस जरासा वाकला. "चुकलो, पोरी. रविवारी समितीला मी सांगेन. तू उडायची तयारी कर."

त्या संध्याकाळी थर खरवडून, खुंटी रॉकेलने धुऊन झुलालने दांडा ढकलला. खटाक! हा आवाज त्याने साहेब आणि चमेलीसाठी चार वेळा काढला, आणि पाचव्यांदा नुसता स्वतःसाठी. जॅकचा भार दिल्यावरही चाक आता जागचं हललं नाही.

समितीने वेळ लावला नाही. रविवारी अकरा वाजता ग्लायडर पट्टीच्या टोकाला उभं होतं. चमेली पट्टे आवळून बसली होती. सवयीने झुलालच्या खिशातून कुंकू-अक्षतांची पुडी बाहेर आली. मग तो चाकाकडे पाहून ओशाळला आणि पुडी परत ठेवू लागला.

चमेलीने ते पाहिलं. तिने मान बाहेर काढून कपाळ पुढे केलं.

"आठे लावा, नाना."

झुलालने बोटाने तिच्या कपाळाला कुंकू लावलं. चार अक्षता तिच्या डोक्यावर टाकल्या. त्यातले दोन दाणे सीटच्या कडेला पडले. ते त्याने वाकून, बॅटरी लावून शोधून काढले, तळहातावर मोजून खिशात ठेवले आणि मगच काच बंद करू दिली.

मग तो विंचकडे धावला. इंजिन सुरू झालं, दोर ताणला आणि पांढरं ग्लायडर आभाळात चढलं. अर्ध्या तासाने ते खाली आलं तेव्हा पोटाखाली चाक दिसत होतं. चाक जमिनीला टेकलं, ग्लायडर एकदा उसळलं आणि धावत धावत पट्टीच्या मधोमध थांबलं. झुलालने खिशातले ते दोन दाणे तोंडात टाकले.