रेकॉर्डवरचा हुंदका

आमच्या गावात लग्न म्हटलं की दोन कामं. डुक्कर भाजायचं आणि ‘धक्क्यावर’ हे गाणं लावायचं. पाद्री उशिरा आला तरी चालतो. माझं नि नेनाचं लग्न असंच लागलं. गाण्यात ती बाई म्हणते, ‘धक्क्यावर तुझी वाट बघीन...’ मग गळा दाटल्यासारखी जरा अडते, नि म्हणते, ‘...जन्मभर.’ इथं म्हाताऱ्या रुमाल काढतात.

रेकॉर्ड एकच. बंदरावरच्या खानावळीत नाणं टाकलं की वाजणारी पेटी होती, तिच्यातली. लग्न आलं की ती तिथून मागून आणायची. पुढं पेटी सडली नि रेकॉर्ड माझ्या सासूच्या तांदळाच्या डब्यावर झाकण होऊन बसली. तिथं ती मनिलाच्या मिगीनं पाहिली. मिगी म्हणजे दाढी, टोपी, आणि बापाच्या जिवावर जुन्या रेकॉर्डी हुंगत फिरणं. खरंच हुंगतो, नाक लावून. त्या अडण्यावर त्यानं मोबाईलवर एवढं पुराण लिहिलं. म्हणे असा हुंदका जगात कुणी गायला नाही. म्हणे त्यात अख्ख्या देशाचं दुःख आहे. गायिका ग्लोरिया देल मार म्हणून कुणी होती, ती वारली, असंही त्यानंच ठरवलं नि मेणबत्ती लावून मोकळा झाला.

मग संताच्या जत्रेला त्यानं स्पर्धा लावली. जो रेकॉर्डसारखं गाईल त्याचं गाणं तिथंच चौकात भरून घेणार, नवी रेकॉर्ड काढणार. आमच्याकडं गाणाऱ्याला ‘अगदी रेकॉर्ड!’ म्हटलं की त्याच्यावर दुसरी शाबासकी नाही. गाव पेटलं.

जत्रेदिवशी दुपारी मी चौकात आगीवर डुक्कर फिरवत होतो. तेवढ्यात आलिंग एपांग आली, आलिंग म्हणजे आमच्याकडची मावशी. ही हाँगकाँगला लोकांच्या घरी रांधून रांधून म्हातारी झाली, नि नुकतीच गावी परतलीय. थेट मिगीपुढं उभी राहिली.

“पोरा, ते गाणं माझं. ग्लोरिया मीच. नाव कंपनीनं दिलेलं.”

“लोला, ती वारली,” मिगी म्हणाला. आमच्याकडं आजीला लोला म्हणतात.

“कोण म्हणतं?”

“मी लिहिलंय ना.”

“बरं बाबा, वारले. पण रेकॉर्डवर चरा आहे रे. सुई उडी मारते. मधलं अख्खं वाक्य जातं. नव्या रेकॉर्डवर तरी माझं गाणं पुरं येऊ दे, एवढंच मागते.”

“चरा नाही, लोला. हुंदका आहे.”

“गाढवा, गायलं मी की तू?”

“मग रांगेत उभ्या राहा. स्पर्धा सगळ्यांना खुली आहे.”

राहिली बिचारी रांगेत, स्वतःच्याच गाण्यासाठी. नंबर आला तशी माईक धरून गायली. आवाज फाटका, पण सूर जागेवर:

‘धक्क्यावर तुझी वाट बघीन भोंगा वाजेपर्यंत,
मग तोंड दाखवू नकोस जन्मभर.’

डुकराची चरबी निखाऱ्यावर चुर्रर्र करत होती, तेवढाच आवाज. अर्ध्या गावाची लग्नं या गाण्यावर लागलेली. सगळे नवरे आपापल्या चपला बघायला लागले.

“चुकली! म्हातारी शब्द विसरली!” गड्यांतला थोरला दादा, कुया तेमयोंग, ओरडला. मग सगळ्या गड्यांना कंठ फुटला. “खाली उतर, एपांग!” मी तोंडात डुकराची कुरकुरीत कातडी कोंबली, म्हणजे मला कुणी मत विचारायला नको.

जिंकली मारिविक, दवाखान्यातली नर्स. रेकॉर्डवरची खरखरसुद्धा तिनं जिभेनं काढली. मिगीनं डोळे पुसले नि एपांगला म्हणाला, “लोला, तुमची भावना समजते. पण मूळ गाण्याची जाण वेगळी गोष्ट आहे.”

एपांग पायरीवर जाऊन बसली. रडली नाही. नेना तिच्याशेजारी जाऊन बसली. तिच्या मागोमाग आणखी चारजणी.

मिगीनं यंत्र चालू केलं. “कुणी आवाज करू नका.” आता आमच्या माणसांना गाणं चालू असताना गप्प बसा म्हणायचं! आम्ही प्रेतापुढंसुद्धा गातो.

मारिविकनं सुरू केलं, ‘धक्क्यावर तुझी वाट बघीन...’ नि हुंदका द्यायला थांबली. पायरीवरून बायकांनी वाक्य भरलं, ‘भोंगा वाजेपर्यंत, मग तोंड दाखवू नकोस...’ मारिविक म्हणाली, ‘...जन्मभर.’

“थांबा! पुन्हा!” मिगी ओरडला.

पुन्हा लावलं. आता कोळणी मिळाल्या, पाद्र्याची स्वयंपाकीण मिळाली. माझी नेना सगळ्यांत मोठ्यानं, नि बघतेय कुणाकडं, तर माझ्याकडं. एपांग गुडघ्यावर ठेका धरून होती.

तिसऱ्यांदा बायका गप्प राहिल्या. मिगीनं सुटकेचा निःश्वास टाकला. मारिविक हुंदक्यापाशी आली. तिचा नवरा सौदीला आहे. पैसे पाठवतो म्हणे. कुणाला, ते विचारू नका. ती थांबलीच नाही. ‘भोंगा वाजेपर्यंत’ अशी काही म्हणाली की कुत्री उठली. अख्खं वाक्य, यंत्र चालू असताना.

“हुंदका!” मिगी हात जोडून म्हणाला. “अहो, हुंदका द्या ना!”

“तुला हवा तर तूच दे,” नेना म्हणाली.