पुरवणी जबाब

निकालात कुणालाच बहुमत मिळालं नाही आणि अण्णांचा भाव एकाएकी वाढला. त्यांच्या पक्षाचे आमदार जेमतेम चार, पण त्यांच्यावाचून सरकार बनत नव्हतं.

नांदेडच्या विश्रामगृहावर बैठक बसली. उमरीचा बजरंग अण्णांचा विश्वासू कार्यकर्ता, म्हणून त्यालाही आत घेतलं होतं. समोरची माणसं तीच, ज्यांना प्रचारात त्यानं घसा बसेपर्यंत शिव्या घातल्या होत्या. खाती ठरली, महामंडळं ठरली. मग समोरच्या पक्षाचे लातूरहून आलेले पुढारी हळूच म्हणाले, "एक बारीकसं राहिलं. आमच्या पुतण्यावर मारहाणीची केस आहे. साक्षीदार एकच आहे म्हणे."

अण्णांनी मान वळवली. "बजरंग, तू काय बघितलास रे त्या दिवशी?"

बजरंगनं सगळं बघितलं होतं. त्याच्याच सांगण्यावरून त्याचा गावातला दोस्त नरसिंग प्रचाराची पत्रकं वाटायला जीपमधून उतरला होता. पुतण्यानं लोखंडी गजानं त्याचा उजवा हात मोडला, तेव्हा बजरंग जीपच्या आड उभा होता; पहिल्या जबाबात त्यानं पुतण्याचं नावही सांगितलं होतं.

"गर्दी लई होती, अण्णा," तो म्हणाला. "नीट दिसलं न्हाई."

"मग ठाण्यात तसंच सांग."

कुणी आवाज चढवला नाही. कुणीतरी काजूची बशी पुढं सरकवली, आणि बजरंगनं त्यातले काजू उचललेसुद्धा.

ठाण्यात नरसिंगलाही बोलावलं होतं. गाडी चालवता येत नाही म्हणून त्यानंच फोन केला, "जाताना मला घेऊन जा." त्याला नाही कसं म्हणायचं? मोटरसायकलवर मागं बसलेल्या नरसिंगचा डावा हात वाटभर बजरंगच्या खांद्यावर होता. नरसिंग उसाबद्दल बोलत होता. बजरंग हूं हूं करत होता.

फौजदारापुढं बजरंगनं पुरवणी जबाब दिला: मारणारा ओळखू आला नाही. शेजारच्या बाकावर बसलेल्या नरसिंगनं एकदाच वर बघितलं. बाहेर आल्यावर तो म्हणाला, "तू हो पुढं. मी बसनं येतो."

सरकार आलं. अण्णा राज्यमंत्री झाले, बजरंग तालुका समितीचा अध्यक्ष. सत्काराला अख्खं गाव लोटलं, नरसिंग तेवढा आला नाही. बजरंगला घास गोड लागेना. बायकोनं विचारलं तर तिच्यावरच खेकसला. शेवटी एका सकाळी तो नरसिंगच्या दारात जाऊन उभा राहिला.

नरसिंगची आई, धुरपताबाई, अंबाडी निवडत होती. "ये बाबा, बस," ती म्हणाली. "किती वाळलास. नरसिंग सांगत होता मला. म्हणला, बजरंगला त्यांनी धमकावलं असंल, न्हाईतर तो असं बोलणारा न्हाई. लेकरंबाळं हायत तुला. आमचा राग न्हाई."

बजरंगला वाटलं, मान हलवावी आणि उठावं. मान हलतही होती.

"मावशी," तो म्हणाला, "मला कुणी धमकावलं न्हाई. नुसतं इचारलं."

धुरपताबाईचे हात थांबले. मग परसदाराकडं तोंड करून तिनं हाक मारली, "नरसिंग, आत ये. बजरंग काय म्हणायलाय, ऐक."

परसात बादली खाली ठेवल्याचा आवाज झाला. बजरंग उठून उभा राहिला, पण दाराकडं गेला नाही.